गावदेवीचं मडकं

पनवेलला ताडीचा धंदा कसा चालायचा असं आता कुणी विचारलंच, तर दुकानाबद्दल विचारतात. दुकानात काही नव्हतं. कुडाची भिंत, वर झापांचं छप्पर, दोन बाकं, एक पितळी माप आणि दारात भाजलेले चणे नि सुकटीची चटणी घेऊन बसलेली एक म्हातारी. धंदा होता तो झाडांवर. ताडी ही साठवून ठेवायची वस्तू नव्हे. पहाटे उतरलेली दुपारी चढते आणि संध्याकाळी आंबून फुकट जाते. त्यामुळे ज्याचे ताड बाजाराजवळ त्याचा माल ताजा, आणि ज्याचा माल ताजा त्याची बाकं भरलेली. बाकी सगळी अक्कल त्याच्यानंतरची.

ही अक्कल माझ्या वडिलांना उशिरा आली. माझ्या मामाला ती उपजत होती.

मामा म्हणजे माझ्या आईचा चुलत भाऊ. बंदराच्या रस्त्यावर त्याचं दुकान, बाजाराच्या मागच्या अंगाला आमचं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत दोन्ही दुकानं जोरात होती. ताड मात्र दोघांच्याही मालकीचे नव्हते. ते शेतकऱ्यांच्या बांधांवर, आणि हंगामापुरते करारानं घ्यायचे. वडील दिवाळी झाली की करार करायला निघायचे, कारण हंगाम तेव्हा सुरू होतो. मामा पावसाळ्यातच बांधाबांधावरून फिरायचा. कुणाच्या घरी बारसं असलं तर भांडी पोचवायचा, कुणाचा बैल मेला तर लावणीपुरता आपला द्यायचा. ताडाचं नाव काढायचा नाही. दिवाळीला मालक आपणहून त्याच्याकडे यायचे. वडील निघायचे तोवर जवळचे सगळे ताड गेलेले असायचे, आणि आमची ताडी विचुंब्याच्या पलीकडून कावडीनं चालत यायची.

तरी आमची बाकं रिकामी नसायची, ती चवीमुळे. आमच्या घरात एक काळं मडकं होतं. हंगाम संपला की ते आतून धुवायचं नाही, तोंडाला फडकं बांधून चुलीवर आढ्याला टांगायचं. तळाशी गेल्या हंगामाचा साका वाळून बसलेला असे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी वडील त्यात ताजा रस ओतायचे. तो फेसाळला की त्यातला थोडा थोडा प्रत्येक नव्या मडक्यातून फिरवायचे आणि मगच ती मडकी झाडावर चढायची. आजोबांनी हेच केलं होतं, त्यांच्या वडिलांनीही. लांबून आलेली असली तरी आमच्या ताडीला एक गोडसर करकरीतपणा असायचा, तो मामाच्या ताज्या ताडीला नव्हता. मामाची ठरलेली गिऱ्हाइकंही महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊन बसायची आणि जाताना सांगायची, तिकडे बोलू नका हां.

हंगामातलं एक मडकं मात्र विकायचं नाही, ते गावदेवीचं. आमच्या शेताच्या कडेला एक जुना ताड होता, त्याचं. चैत्रातल्या जत्रेच्या सकाळी घरच्या कर्त्या माणसानं स्वतः चढून ते उतरवायचं, कावडीला लावायचं आणि थेट देवळात न्यायचं. वाटेत जमिनीला टेकू द्यायचं नाही. अर्धं देवीपुढे ओतायचं, अर्धं गावानं प्यायचं. मामाही ओंजळ पुढे करून प्यायचा आणि म्हणायचा, "दाजी, हीच ताडी माज्या दुकानात असती तर तुमाला भीक मागाया लावली असती." वडील म्हणायचे, "म्हनून तर ती तुज्या दुकानात नाय."

दारूबंदी आली तेव्हा मी मॅट्रिकला होतो. दोन्ही दुकानं बंद झाली. वडिलांनी बाकं मोडून त्यांच्या फळ्या गोठ्याला लावल्या आणि ते मिठागरावर कामाला जाऊ लागले. मामाही वर्षभर कुठेकुठे कामाला गेला असं म्हणतात. त्यानंतर खाडीच्या कडेला, कांदळाच्या झाडीत धूर दिसू लागला. गूळ, नवसागर आणि कुजलेलं काय काय घालून लावलेली हातभट्टी. गिऱ्हाईक कमी झालं नव्हतं, फक्त त्याला बसायला जागा उरली नव्हती. मामानं ते ओळखलं आणि माल त्यांच्या दारात पोचवला. भाजीच्या टोपलीत, सायकलच्या ट्यूबमध्ये, एकदा तर म्हणे मयताच्या तिरडीखालून. वडिलांना त्यानं दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा वडील गेले नाहीत. मिठाच्या पाण्यानं त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि रक्त यायचं. त्या पायांवर मी बी.एस्सी. झालो, आमच्या आळीतला पहिला. हे मी कुठेही सांगतो.

मुंबईच्या कॉलेजात एकदा आमचे रसायनाचे प्राध्यापक आंबवण्याच्या क्रियेवर बोलत होते. ते म्हणाले, विलायतेतले बिअरचे कारखाने आपापलं किण्व पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात, आधीच्या घाण्यातलं थोडं पुढच्यात घालतात, आणि कारखान्याची चव म्हणजे खरं तर तेच. वर्ग उतरवून घेत होता. मी हात वर करून सांगितलं, माझे वडील हेच करायचे, त्यांचं ताडीचं दुकान होतं. पोरं हसली. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी मला पुढे बोलावून मडक्याबद्दल सगळं विचारून घेतलं. सुट्टीत हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हनजे गोरं बी आपल्यातलंच."

पास झाल्यावर मला पनवेलच्याच एका शाळेत शास्त्रशिक्षकाची जागा मिळाली. त्याच सुमाराला सरकारनं नीरा केंद्रांचे परवाने काढले. नीरा म्हणजे तोच ताडाचा रस, पण न आंबलेला. मडक्याला आतून चुना फासायचा, म्हणजे रस आंबत नाही. पहाटे उतरवायचा, गाळायचा, उन्हं वर यायच्या आत विकून संपवायचा. नशा नाही, दूध प्यायल्यासारखं. गावाला एकच केंद्र मिळणार होतं. मी वडिलांच्या नावानं अर्ज केला. त्यांच्यावर एकही केस नव्हती आणि मुलगा पदवीधर होता. परवाना आम्हाला मिळाला. आसपासच्या ताडांवर डांबरानं आकडे पडले, आणि त्या झाडांवर चढायचा हक्क कायद्यानं फक्त आमचा झाला. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांकडे बाजाराजवळचे ताड आले.

त्याच आठवड्यात मामा घरी आला. पांढरंशुभ्र धोतर, पायात नवे पंपशू. आईनं चहा दिला. नीरेच्या विक्रीत त्याला काडीचा रस नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं: केंद्र तुमचं, परवाना तुमचा, सकाळचा माल तुमचा. अर्ध्या झाडांच्या मडक्यांना चुना कमी फासा आणि ती दुपारपर्यंत माझ्याकडे येऊ द्या. हातभट्टीची आग लोकांच्या पोटात जाळ करते, दोन माणसं आंधळी झाली, गिऱ्हाईक घाबरलं आहे. त्यांना ताडी हवी आहे. झाडं तुमची, वाट माझी. खात्याच्या माणसांचं मी बघतो.

खरं सांगायचं तर धंदा म्हणून त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. पकडला गेला असता तो परवानेवाला, म्हणजे वडील. मामाचं नाव कुठेच नव्हतं. मी ते तोंडावर बोलून दाखवलं.

मामानं माझ्याकडे न बघता वडिलांना विचारलं, "दाजी, पोरगा इतका हुशार हाय तर पावडर खडूची का खातो?"

वडील म्हणाले, "शेठ, चाय पिऊन घे. थंड होती."

त्या दिवसापासून धंद्याची जुनी झुंज पुन्हा सुरू झाली, फक्त आता एकाच्या हातात दुकान होतं आणि दुसऱ्याच्या हातात गिऱ्हाईक. आमचं केंद्र म्हणजे मोटारस्टँडजवळची हिरव्या रंगाची टपरी. सकाळी शाळेच्या आधी मी तिथे बसायचो. मामाची चार माणसं पहिल्या गाडीच्या वेळी येऊन उभी राहायची. एकेक पेला घ्यायची, तोंड वाकडं करून थुंकायची आणि प्रवाशांना ऐकू जाईल असं विचारायची, मास्तर, बाटलीला बूच आहे का, बाळाला पाजायचीय. चुन्याचं पाणी, चुन्याचं पाणी असं नावच पडलं आमच्या नीरेला. मी शाळेतली मुलं आणली, डॉक्टरांना पाजली, फळ्यावर खडूनं तिचे गुण लिहिले. थोडा खप वाढला. पण रोज सकाळी उरलेली नीरा मातीत ओतताना वडिलांचा चेहरा मला बघवत नसे. परवान्याचा नियम तसा होता: उरलेली ओतून टाकायची.

त्यांना चव हवी होती. चुन्यानं चव मरते हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, आणि चुना नसेल तर ती नीरा राहत नाही हे माझं म्हणणंही बरोबर होतं. आमच्यात यावरून भांडण झालं नाही. काळं मडकं दारूबंदीपासून आढ्यालाच होतं, आणि नीरेच्या मडक्यांना ते स्वतःच्या हातानं चुना फासायचे, कोपरापर्यंत हात आत घालून, एकही जागा न सोडता. परवाना गेला तर परत मिठागर, आणि आता ते पाय मिठागराचे राहिले नव्हते. हे ते जाणून होते. आईही जाणून होती.

गावदेवीचं काय, हा प्रश्न मात्र कुणी काढला नव्हता. दारूबंदीच्या सगळ्या वर्षांत जत्रेला देवीपुढे नारळाचं पाणी ओतलं गेलं होतं. केंद्राच्या पहिल्या हंगामात वडिलांनी नीराच नेली. पुजाऱ्यानं ओतली, पण प्यायला ओंजळी पुढे आल्या नाहीत. त्या पावसाळ्यात आळीत गोवर आला आणि तीन पोरं गेली. बायका नळावर बोलू लागल्या की देवीला चुन्याचं पाणी पाजलं. मी आळीत जाऊन गोवराची कारणं समजावून सांगितली. ऐकून घेतलं सगळ्यांनी, शिकलेला म्हणून मान देऊन ऐकलं. वडीलही ऐकत होते.

पुढच्या चैत्रात जत्रेच्या सकाळी मी टपरीवर होतो. वडील कावड घेऊन येताना दिसले. एका बाजूला केंद्राची मडकी, दुसऱ्या बाजूलाही तशीच, पण त्यातल्या एकाच्या गळ्यात झेंडूची माळ. ते आढ्यावरचं काळं मडकं होतं. टपरीवर मडकी उतरवून माळेचं तेवढं घेऊन ते देवळात जाणार होते. देवळाची वाट स्टँडवरूनच जाते. आदल्या दिवशी त्यांनी ते जुन्या ताडाला लावलं होतं, चुना न फासता. मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

ते टपरीपर्यंत पोचले नाहीत. दारूबंदी खात्याची गाडी स्टँडच्या वळणावर आधीपासून उभी होती. फौजदार उतरला आणि थेट वडिलांसमोर गेला. एरवी तपासणी व्हायची ती टपरीत, सगळी मडकी एकेक करून. या वेळी त्यानं बाकीच्यांकडे बघितलंसुद्धा नाही. माळेच्या मडक्याचं फडकं त्यानं सोडलं, वास घेतला आणि म्हणाला, कावड खाली ठेव.

वडील म्हणाले, "साहेब, ही खाली टेकवता येत नाय."

त्यानं दोनदा सांगितलं. वडिलांनी ठेवली नाही. विरोधही केला नाही, हातही हलवला नाही. पंच गोळा झाले, शिपायानं त्यांच्या खांद्यावरच्याच मडक्यातून बाटली भरून घेतली, लाख वितळवून सील केली, पंचनामा लिहून झाला, पंचांच्या सह्या झाल्या. एवढा सगळा वेळ वडील भर उन्हात खांद्यावर कावड घेऊन उभे. मी एका बाजूनं भार पेलायला गेलो तर मानेनंच नको म्हणाले. नंतर मडकं जप्त झालं. गाडीत चढवताना शिपायानं ते रस्त्यावर ठेवलं. तेव्हा वडील खाली बसले.

मामानं कळवलं याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे मी शास्त्रात शिकलो. एवढं मात्र सांगतो: ते मडकं कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेनं, कोणाच्या खांद्यावरून जातं, हे आळीबाहेरच्या माणसाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आणि त्या वर्षी मामा जत्रेला आला नाही.

खटला पावसाळ्यात उभा राहिला. मी वकिलांबरोबर बसून बचाव तयार केला, आणि आजही म्हणतो की तो बचाव पक्का होता. नीरा ही आपोआप आंबणारी वस्तू आहे. चुना पातळ झाला, ऊन लागलं, तर काही तासांत तिची ताडी होते. शिवाय बाटली मुंबईला तपासणीला पोचायला किती दिवस गेले? त्या दिवसांत आत काय झालं हे कोण सांगणार? पुस्तकांतले उतारे मी काढून दिले. वकील खूश होते. ते म्हणाले, फक्त एक हवं. वडिलांनी शपथेवर म्हणायला हवं की मडक्याला चुना फासला होता. एवढंच. बाकी मी बघतो.

मी घरी वडिलांना समजावलं. परवाना वाचतो, तुरुंग टळतो. ते ऐकत होते. नाही म्हणाले नाहीत. आईनं विचारलं, "बोलाल ना?" त्यावरही ते होय-नाही काही बोलले नाहीत. आम्ही ते होय धरलं.

कोर्टात त्या दिवशी आमची अख्खी आळी आली होती. म्हातारी माणसं बाकांवर, बाया बाहेर व्हरांड्यात खिडकीला चिकटून. मागच्या रांगेत मामा, मांडीवर टोपी. वकिलांनी आधी नीरेबद्दल विचारलं, केंद्राबद्दल विचारलं. वडिलांनी नीट उत्तरं दिली. मग वकील म्हणाले, जप्त केलेल्या मडक्याला तुम्ही नियमाप्रमाणे चुना फासला होता, खरं ना?

वडिलांनी खिडकीकडे बघितलं. आता ते होय म्हणाले असते, तर कायद्यापुढे सुटले असते. आणि आळीपुढे त्याचा अर्थ एवढाच झाला असता की देवीचं मडकं म्हणून माळ घालून त्यांनी पुन्हा चुन्याचं पाणीच नेलं, दुसऱ्यांदा, पोरं गेल्यानंतरही.

वकिलांनी प्रश्न परत विचारला.

"चुना नव्हता," वडील म्हणाले. "गावदेवीचं मडकं ते. त्याला चुना कोन फासल?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी थांबवून विचारलं, म्हणजे आत ताडी होती हे तुम्हाला माहीत होतं? वडील म्हणाले, हो, चांगली झाली होती. व्हरांड्यात कुणीतरी नाक ओढलं. वकील खाली बसले. माझ्या हातात पुस्तकं होती, खुणा घातलेली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शिक्षा कायद्यात होती तेवढीच दिली, सहा महिने, आणि देताना मान वर केली नाही. परवाना रद्द झाला. कोर्टाच्या पायऱ्यांवर आळीतल्या म्हाताऱ्यांनी वडिलांच्या पायाला हात लावला. पोलीस त्यांना घेऊन जात होता आणि माणसं वाकत होती. मला तेव्हा राग आला होता, अजूनही येतो. त्यांच्यापैकी एकाच्याही घरात त्या महिन्यापासून काही कमी होणार नव्हतं.

केंद्र महिनाभर बंद राहिलं आणि मग मामाच्या थोरल्या मुलाच्या नावानं उघडलं. टपरी तीच, रंग नवा. झाडांवरचे डांबराचे आकडेही तेच. नीरेला चुन्याचं पाणी म्हणणारी माणसं आता पहिल्या गाडीला उभी राहून प्रवाशांना बोलवायची, ताजी आहे, थंड आहे, या. दुपारनंतर काय कुठे जायचं ते सगळ्या गावाला माहीत होतं.

भाऊबीजेला मामा आमच्याकडे आला, दरवर्षी येतो तसा, जरीचं लुगडं घेऊन. मी शाळेचे पेपर तपासत ओटीवर बसलो होतो. मला वाटलं आई दार लावून घेईल. तिनं पाट मांडला. त्याला बसवलं, कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं. मामानं लुगडं तबकात ठेवलं. आईनं ते उचलून त्याच्या मांडीवर परत ठेवलं.

"लुगडं नको, दादा. ह्ये सुटून आले की त्यांना झाडावर घे."

मी ओटीवरून उठून आत आलो. म्हटलं, आई, माझा पगार आहे, त्यांना कुणाच्या झाडावर चढायची गरज नाही.

ती माझ्याकडे वळली नाही. "तुजा पगार हाय, मना ठावं हाय. ते घरात बसून मरतील."

भाऊबीजेच्या पाटावर बसलेल्या भावाला नाही म्हणता येत नाही. मामानं तसा प्रयत्नही केला नाही. त्यानं टोपी नीट केली, निरांजनाकडे बघितलं आणि म्हणाला, "येऊ दे, बाय. चढाया मानसं लागतातच. पन आमच्याकडं सगल्या मडक्यांना चुना हां. खात्याचा कायदा हाय."

"फासतील," आई म्हणाली आणि तिनं त्याच्या हातावर साखर ठेवली.

वडील शिमग्याच्या आधी सुटून आले. दाढी वाढलेली, पायांच्या भेगा भरून आलेल्या. आईनं त्यांना जेवायला वाढलं आणि जेवण होईपर्यंत काही सांगितलं नाही. मग सांगितलं. त्यांनी हात धुतले, कमरेची दोरी कुठे आहे विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते मामाच्या अंगणात मडक्यांच्या ढिगापाशी चुन्याची बादली घेऊन बसले.